थांबल्या की विसरल्या

एका शनिवारी आमच्या नाटकातला मुलगा परत आलाच नाही, आणि प्रेक्षकांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

नाटक मुळात आहेच मुलगा परत येण्याचं. भांडून घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी दारात उभा राहतो. म्हातारी आई त्याला बघते आणि काही बोलत नाही. दोरीवरून काढून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहते. घालत राहते, घालत राहते, आणि मग सहज म्हणते, "हात धुऊन घे. वाढते." एवढ्या दोन वाक्यांसाठी लोक तिकीट काढून येतात. मी विंगेत सुई-दोरा घेऊन उभी असते. इतक्यांदा ऐकलंय, तरी त्या क्षणी सुईचं नाक मला हमखास दिसेनासं होतं.

ती आई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना कुणी वय विचारलं तर "कुठल्या भूमिकेचं?" असं विचारतात, पण सत्तरी उलटलेली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडेच राहतात, मधल्या खोलीत. मी मंडळाचे कपडे सांभाळते: उसवलं ते शिवायचं, डागाळलं ते धुवायचं, आणि नायकाचं पोट वाढलं की कुणाला न सांगता शिवण सैल करायची. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी शाळेत एक दिवससुद्धा शिकवलेलं नाही, पण रागावतात तसेच.

आता मुलगा का आला नाही ते सांगायचं तर आधी प्रॉम्प्टरची खुर्ची सांगायला हवी. विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेतानं ती ठेवलेली असते. तिच्यावर बसणाऱ्यानं संहिता मांडीवर ठेवून ओळीवर बोट धरायचं आणि नट अडला की हलकेच पुढचा पहिला शब्द द्यायचा. हे काम कितीतरी वर्षं आमच्या ह्यांनी केलं. मग ह्यांचे कान गेले. कान गेले की माणसाची कुजबुजही जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं. आपण किती हळू बोलतोय हे ह्यांना समजेना, आणि ह्यांची कुजबुज शेवटच्या रांगेत पोचायला लागली. एका प्रयोगाला तर वन्संच्या आधी प्रेक्षकांनीच वाक्य म्हटलं. शेवटी मास्तरांनी ह्यांना मोठ्या मानानं पहिल्या रांगेत बसवलं आणि ती खुर्ची आमच्या लेकीला दिली.

लेक दिवसा चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते. घरात तिला चिमणी म्हणतात, कारण लहानपणी एका जागी बसायची नाही. पण त्या खुर्चीवर ती बसली. बापाची लेक शोभली. प्रॉम्प्टरचं अवघड काम वाक्य सांगण्याचं नसतं, ते छापलेलंच असतं. नट गप्प झाला की तो थांबलाय की विसरलाय, हे अंधारातून ओळखणं अवघड. थांबलेल्याला शब्द दिलात तर त्याची शांतता फुकट गेली. विसरलेल्याला दिला नाहीत तर बिचारा नट भर उजेडात उघडा पडला. चिमणीला हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षात तिनं एकदाही चुकीच्या ठिकाणी तोंड उघडलं नाही.

मग हळूहळू ती उघडायला लागली.

आधी मला वाटलं, दुकानात दमत असेल. पण दमलेलं माणूस झोपतं. ही अंथरुणावर पडून फोनवरच्या त्या छोट्या छोट्या चित्रफिती बघत राहायची. एक संपली की अंगठा वर, दुसरी. एकीत कुणी गालिचा धुतोय, दुसरीत कुणाची आई गेली म्हणून कुणी रडतंय, तिसरीत आंघोळीला न जाणारं कुत्रं, चौथीत कुणाचं नवं घर, पांढरं शुभ्र, खिडकीतून समुद्र. पाव तासात पोरगी हसायची, गहिवरायची, चिडायची आणि शेवटी स्वतःच्या खोलीकडे अशी बघायची की जणू कुणी तिला फसवून इथे आणून ठेवलंय. काय झालं विचारलं तर काही नाही. मग चेहरा असा का? असाच आहे. जेवायला बोलावलं की "आले" म्हणायची, आणि ते "आले" ताटाशेजारी निवत पडायचं.

मी सकाळी जपाला बसते, त्यामुळे पळणाऱ्या मनाची मला चांगली ओळख आहे. माझंही दुधाच्या पिशवीपासून मास्तरांच्या फाटक्या बाहीपर्यंत कुठेकुठे जाऊन येतं. पण ते पळालं की त्याचा कान धरून परत आणायचा, एवढाच तर जप असतो. हिच्या हातातली वस्तू पळालेल्या मनाला शाबासकी द्यायची आणि पुढचं दार उघडून ठेवायची. मनाला एकामागून एक वीस घरी जेवायला पाठवावं आणि कुठेच पाटावर बसू देऊ नये, तसं ते व्हायचं. पोट रिकामं, आणि वर अजीर्ण.

त्यात तिनं संहिताही फोनवर घेतली. विंगेत दिवा लागत नाही, पानांचा आवाज होत नाही, असं तिनं मास्तरांना पटवलं. मास्तरांना नवीन काही पटलं की ते तरुण झाल्यासारखे वाटतात, त्यामुळे त्यांना पटलं.

आणि त्या शनिवारी असं झालं. मुलगा येण्याच्या आधी वन्सं रंगमंचावर एकट्या असतात. कपडे घेऊन येतात, खुर्चीवर बसतात, पहिली घडी घालतात आणि गप्प होतात. मग दार वाजायचं, त्यांनी "दार उघडंच आहे" म्हणायचं, आणि मुलगा आत यायचा. त्या गप्प झाल्या. विंगेत चिमणीच्या अंगठ्यानं सवयीप्रमाणे फोनचा पडदा वर ढकलला. एका ठिकाणी काही घडेना की वर ढकलायचं, एवढंच त्या अंगठ्याला आता माहीत होतं. तिची नजर पुन्हा ओळीवर आली तेव्हा तिथे लिहिलेलं होतं, आई कपड्यांच्या घड्या घालते आहे. बरोबरच होतं. फक्त ते पुढच्या प्रवेशातलं होतं, मुलगा परत आल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. तिथेही आई घड्याच घालत असते. चिमणीला ती शांतता सोसेना, तिनं शब्द दिला, आणि वन्संनी तो घेतला. रिकाम्या दाराकडे बघून त्या ठणकावून म्हणाल्या, "फिरून आलास ते ठीक, पण बूट बाहेर काढ."

दारामागे आमचा हिरो दार वाजवायला मूठ उगारून उभा होता. हिरो म्हणजे मुलाचं काम करणारा. दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांना तोंड उघडा म्हणतो. त्याचं स्वतःचं तोंड उघडं पडलं. पण मंडळात एक शिस्त आहे, मोठ्यांनी जिथून सूर धरला तिथून पुढे म्हणायचं. त्यानं मुकाट्यानं बूट काढले आणि मोज्यांवर आत आला. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते माझ्या कामात मोडतं, ते मी माझ्या अंगावर घेते.

नाटक तिथून पुढे गेलं ते गेलंच. मुलगा न येताच आलेला झाला. "हात धुऊन घे" म्हटलंच गेलं नाही. पडदा पडला, टाळ्या झाल्या. एक गृहस्थ आत येऊन मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले की नाटक आता आटोपशीर झालंय, पूर्वी मध्येच फार रेंगाळायचं. मास्तर त्यांना धन्यवाद म्हणाले आणि ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

चिमणी रडत होती. तिला कुणी रागावायच्या आधीच तिनं रडून घेतलं होतं. पण वन्सं तिच्याकडे बघतच नव्हत्या. आरशासमोर बसून त्या तोंडावरचा रंग पुसत होत्या, पुसून झालेल्या जागाच पुन्हा पुसत होत्या.

"तिची चूक लहान आहे," त्या आरशातूनच मला म्हणाल्या. "तिनं चुकीचा शब्द दिला. मी तो घेतला, वहिनी. माझा मुलगा आलेला नाही हे मला कळलं नाही."

मग त्या मास्तरांना म्हणाल्या की पुढच्या शनिवारचा प्रयोग शेवटचा. त्यानंतर आईचं काम घारीला द्यावं. घारी म्हणजे मंडळातली घाऱ्या डोळ्यांची मुलगी, तिशीचीही नाही. तिला पांढरा टोप घालावा लागला असता. मास्तर काही बोलायला गेले, तर वन्संनी हात वर केला. रंगमंचावर त्या हाताला वजन असतं, खालीही असतं.

घरी येताना मला सासूबाई आठवत होत्या. शेवटी शेवटी त्या वन्संनाच "बाई, तुम्ही कुणाच्या?" म्हणून विचारायच्या. वन्संना त्या वेळी काय आठवत असेल ते निराळं विचारायची गरज नव्हती. नाटक जाणार याचं दुःख होतंच, पण त्यांना भीती वाटत होती ती त्याच्यामागच्या गोष्टीची.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. घरातल्यांना तो फार आवडतो, जप लांबला तरी कुणी तक्रार करत नाही. तर दोन दिवसांनी सकाळी मी अशीच मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. वन्सं शेगडीपाशी उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. दूध वर येत होतं. मला वाटलं त्या बघताहेत. दूध काठापर्यंत आलं. मला बोलता येईना. मी चमचा वाजवला. त्या हलल्या नाहीत. दूध शेगडीवर सांडलं, तेव्हा मी धावत जाऊन बटण फिरवलं आणि बघते तर वन्संच्या हातात फोन, आणि फोनमध्ये तेच आंघोळीला न जाणारं कुत्रं.

वन्संनी फोन पिठाच्या डब्यात टाकला. डब्यातून कुत्रं भुंकत राहिलं.

मी कमरेवर हात ठेवून उभी. बोलायची बंदी असली की डोळ्यांना फार काम पडतं. वन्सं आधी हसल्या, मग मलाच म्हणाल्या की अशी काय बघतेस, तूही मध्यंतरी प्रार्थना ऐकते ऐकते म्हणत बसायचीस आणि शेवटी अननस सोलणारा माणूस बघताना सापडली होतीस. हे खरं होतं, त्यामुळे मौनाचा मला फायदाच झाला.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. रंगपटात एकटीला कंटाळा येतो म्हणून चिमणीनंच वर्षापूर्वी त्यांना ते लावून दिलं होतं. सुरुवातीला कुत्री, मांजरं. मग एक दिवस त्या एक नाव विसरल्या, आणि योगायोगानं फोनवर एक बाई सांगत होती, विसराळूपणाची लक्षणं कशी ओळखाल. ती वन्संनी पूर्ण बघितली. फोनला वाटलं, आजींना हेच आवडतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं त्यांना तेच वाढायला घेतलं. तुम्ही चाव्या विसरता का. तुम्ही खोलीत येऊन कशाला आलो ते विसरता का. ही चित्रं लक्षात ठेवा, आता सांगा. मध्ये एक कुत्रं, की परत तेच. पहाटे जाग आली की बघायच्या, दुपारी बघायच्या, आणि प्रयोगाच्या दिवशी रंगपटात, प्रवेशाची हाक येईपर्यंत बघायच्या.

"एकेक लक्षण मला आहे गं," त्या म्हणाल्या. "सगळी आहेत."

मी जप तसाच ठेवला. देवाला म्हटलं, उद्या दुप्पट करते. आणि तोंड उघडून त्यांना विचारलं की चाव्या तर मी पंचविशीपासून विसरते, मग मला काय झालंय.

डॉक्टरांकडे जायला त्या तयार नव्हत्या. न जाणं म्हणजे न कळणं, आणि न कळणं बरं, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे मोठ्यांदा म्हणाले, "ताई, मला ऐकू येत नाही म्हणून तुझं 'नाही' मी ऐकलेलं नाही," आणि चपला घालून दारात उभे राहिले. शेवटी मी आणि वन्सं गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मग झोपेचं, जेवणाचं, दिवसभराचं विचारत बसले. फोनचं मी सांगितलं, कारण वन्सं ते बरोबर विसरल्या. डॉक्टरांनी सावकाश ऐकून घेतलं. बोलणं मोजकंच केलं. आज तरी काळजी करण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं, महिन्यानं पुन्हा बघू म्हणाले. पण झोप तुटलेली आहे, दिवसभर भीती घोटून प्यायलेली आहे आणि लक्ष एका जागी पाच मिनिटं ठरू दिलेलं नाही. जे नीट आत गेलंच नाही ते आठवणार कुठून, असं त्यांनी विचारलं. एवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन टेबलावर उजळला आणि त्यांची नजर तिकडे गेली.

"डॉक्टर," वन्सं म्हणाल्या, "तुमचे ते तीन शब्द कोणते होते?"

डॉक्टरांनी समोरचा कागद उलटा केलेला होता. ते जरा वेळ छताकडे बघत राहिले. मग वन्संनीच त्यांना सांगितले, तिन्ही, त्याच क्रमानं. डॉक्टर मनापासून हसले आणि फोन खणात टाकला.

त्या संध्याकाळी चिमणी दुकानातून आली, तेव्हा वन्संनी तिला समोर बसवलं आणि आपलं पिठाच्या डब्यापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं पोरगी हसेल. ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "आत्या, मला एक पान सलग वाचता येत नाही आता. चार ओळी झाल्या की वाटतं, दुसरीकडे काहीतरी चाललंय आणि ते माझं राहून जातंय. आणि बघायला गेलं की तिकडे काही नसतं."

"मला वाटलं मी एकटीच," वन्सं म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. आत्याला भाची चोर सापडावी आणि भाचीला आत्या, असा आनंद दोघींच्या चेहऱ्यावर उमटायला लागला. चिमणीनं लगेच जाहीर केलं की उद्यापासून फोन बंद, कायमचा, विकूनच टाकते. वन्संनीही हात पुढे केला, माझाही विक.

इथे मला बोलावं लागलं. नेम-व्रतातलं मला दोन गोष्टी कळतात, बाकी जगातलं फारसं कळत नाही. मी म्हटलं, नेम मोठा घेतला की तो चार दिवस मिरवायला होतो आणि पाचव्या दिवशी मोडल्याचं दुःख करायला. नेम असा घ्यावा की अंगात ताप असतानाही पाळता येईल. नाटकघराच्या पायरीवर पाऊल ठेवल्यापासून पडदा पडेपर्यंत दोघींचे फोन माझ्याकडे. आणि रोज संध्याकाळी दोघींनी समोरासमोर बसून त्या शांततेची तालीम करायची. वाक्यांची नाही, शांततेची.

"एवढंच?" चिमणी म्हणाली.

एवढंच जड गेलं तिला. पहिल्या संध्याकाळी वन्सं धुतलेल्या टॉवेलांचा ढीग घेऊन बसल्या आणि घड्या घालायला लागल्या. चिमणी समोर, मांडीवर कागदाची संहिता. तिचा अंगठा गुडघ्यावर आपोआप वर वर सरकत होता, पालीची तुटलेली शेपटी हलावी तसा. मग तिला हसू फुटलं, मग पाणी प्यायचं झालं, मग पायाला मुंग्या. वन्सं म्हणाल्या, जा, तुझ्या मुंग्यांना जेवायला घालून ये. दुसऱ्या दिवशी ती इतकी चिडली की तिला स्वतःलाच कळेना कुणावर. उगीचच रडलीही थोडी. गाळ खाली बसताना पाणी आधी जास्तच गढूळ दिसतं.

त्यानंतरच्या दिवशी बसल्या बसल्या ती एकदम म्हणाली, "आपल्या खिडकीच्या पडद्यावर बदकं आहेत?"

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून आहेत," मी म्हटलं.

ती उठून पडद्यापाशी गेली आणि एकेक बदक बघून आली. एका बदकाला चोच नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. चिमणीच्या सुट्टीच्या दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर टाकीच्या आडोशाला आत्या-भाची खांद्याला खांदा लावून कुत्र्याची आंघोळ बघत होत्या. मला बघून चिमणी वकिलासारखी उठली, नेम नाटकघरापुरता आहे, गच्ची त्यात येत नाही. वन्संनी पुस्ती जोडली की कुत्रं आज शेवटी आंघोळीला गेलं, आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मी कपडे घेऊन खाली आले. दोघी लगेच मागून आल्या, हेही खरं.

एकदा मात्र चिमणीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. आत्याचे हात बघ, म्हणाली. थांबलेली असते तेव्हा हात हळू होतात, कापड चापून चापून बसवते. पण काल तिला ओळ आठवेना, तेव्हा हात भराभर चालायला लागले. तिचं तिलाही माहीत नसेल. मी ह्यांना जाऊन विचारलं की तुम्ही कशावरून ओळखायचात. हे म्हणाले, "कशावरून म्हणजे, ती विसरली की कळायचं." आणि हे खालच्या मजल्यालाही कळलं.

शनिवार आला. नाटकघराच्या पायरीवर दोघींनी फोन मुकाट्यानं माझ्या शिवणाच्या डब्यात टाकले. रंगपटात वन्संना काय करावं सुचेना. थोडा वेळ हाताकडे बघत बसल्या, मग हिरोला बोलावून त्याच्या मोज्यांची तपासणी केली, मग घारीशी गप्पा मारत बसल्या. ती बिचारी पांढरा टोप पिशवीत लपवून आली होती. वन्संनी तो काढायला लावला, तिच्या डोक्यावर नीट बसवून दिला आणि म्हणाल्या, तुला माझ्यापेक्षा शोभतो, माझ्या पांढऱ्यात पिवळं आलंय. हसल्या, पण डोळे हसत नव्हते.

प्रयोग सुरू झाला. मी चिमणीच्या मागे उभी. तिच्या मांडीवर कागद, ओळीवर बोट. समोरच्या विंगेत मास्तर. पहिल्या रांगेत हे, हात छातीवर बांधून, बहिणीकडे टक लावून.

वन्सं कपडे घेऊन आल्या. बसल्या. दार वाजलं. दार उघडंच आहे, त्या म्हणाल्या, आणि मुलगा आला.

त्याला बघून त्यांनी शर्ट उचलला. बाह्या मागे दुमडल्या, कॉलर सरळ केली, तळहातानं सुरकुती पुसली. दुसरा शर्ट उचलला. शांतता वाढत गेली. त्यांनी इतका वेळ कधी घेतला नव्हता. समोर मास्तरांनी दातात बाही धरली होती, मी शिवलेली. प्रेक्षकांत कुणाचा तरी फोन मांडीवर उजळलेला होता, तो विझला. मग आणखी एक विझला. माझ्या मनात आलं, गेल्या, विसरल्या. चिमणीच्या खांद्यावर हात ठेवायला मी वाकले. तिनं मान न वळवता हलकेच डोकं हलवलं. नाही.

मी हात मागे घेतला. वन्सं छोट्या पोराचा जुना सदरा घडी करत होत्या, त्या मुलाच्या लहानपणीचा, इतक्या सावकाश की जणू आत अजून ते पोर आहे.

आणि मग हात भराभर चालायला लागले. एक टॉवेल, दुसरा टॉवेल, घडी मोडून पुन्हा घडी. मला ते दिसलं तोवर चिमणीनं शब्द दिला होता.

"हात."

इतक्या हळू, की मी तिच्या पाठीशी होते म्हणून ऐकलं.

"हात धुऊन घे," वन्सं म्हणाल्या. "वाढते."

पुढचं मला दिसलं नाही. सुई कुठेतरी पडली होती, ती शोधावी लागली.

पडदा पडल्यावर वन्सं तशाच, आईच्या कपड्यांत, विंगेत आल्या. चिमणी खुर्चीवरून उठलीही नव्हती.

"आत्या, खरं सांग. थांबली होतीस की विसरली होतीस?"

"आधी थांबले होते," वन्सं म्हणाल्या. "मग थांबण्यात इतकं बरं वाटलं की पुढचं विसरले."

"मग भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तू तिथेच आहेस हे माहीत होतं." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "विसरणारच गं मी. या वयात नाही विसरणार तर कधी? घरात प्रॉम्प्टर कशाला ठेवलाय?"

एवढ्यात मास्तर घारीला घेऊन आले. टोप तिच्या डोक्यावर वाकडा झाला होता आणि ती ढसाढसा रडत होती, तो प्रवेश तिनं आज पहिल्यांदाच एवढं लक्ष देऊन बघितला होता. मास्तरांनी घसा साफ केला आणि पुढच्या शनिवारचं काय ते विचारायला तोंड उघडलं. त्यांचं वाक्य मध्येच अडलं. आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. चिमणीनंही शब्द दिला नाही.

"पुढच्या शनिवारी मीच आहे," वन्सं म्हणाल्या. "त्याच्या पुढच्याही. घारीला माझ्याजवळ बसवा, शिकेल. आणि मास्तर, तो प्रवेश आता रेंगाळणार. कुणाला आटोपशीर हवा असेल तर त्यानं घरी बसावं."

पहिल्या रांगेतून उठून हे आत आले होते. बहिणीजवळ जाऊन त्यांनी तिच्या कानात काहीतरी कुजबुजलं. ते गुपित असावं, पण बाहेर पायऱ्या उतरणाऱ्या सगळ्या प्रेक्षकांना ऐकू गेलं की ताई, आज आईची आठवण आली.